कुलदीपकांची जडणघडण

मुलग्याच्या अंगी सद्गुण बाणवून त्याला पुरुष या पदाला पोचवणे हा महाराष्ट्रातला एक जुना घरगुती उद्योग आहे. कच्चा माल मुबलक, कारागीर घरटी चार-पाच (आई, आजी, आत्या, वर्गशिक्षक आणि खालच्या मजल्यावरचे काका), भांडवलाला शिवाजी महाराजांच्या गोष्टी, आणि तयार मालाची तक्रार ऐकून घ्यायला कुणीच नाही. पहिली रीतसर तक्रार लग्नानंतर येते. ती मूळ उत्पादकाकडे नेली की "आमच्याकडे होता तोवर बरा होता" एवढेच उत्तर मिळते आणि माल परत घेतला जात नाही. काही घरांत तो मोठ्या आनंदाने परत घेतला जातो, पण ते प्रकरण निराळे.

शिक्षणाला बारशापासूनच सुरुवात होते. मुलींची जुनी नावे पाहिली तर सुशीला, शांता, क्षमा, विनया अशी घरात रोज उपयोगी पडणाऱ्या गुणांची यादीच हाती लागते. मुलग्यांना मात्र रणजित, समरजित, प्रताप, अजिंक्य अशी नावे देऊन पाळण्यातून थेट रणांगणावर धाडले जाते. पुढे रणजितला झुरळाची भीती वाटते आणि ते झुरळ क्षमा मारते, पण हे बारशाच्या घुगऱ्या खाताना कुणाच्या ध्यानात येत नाही. अलीकडे तर गुणाचेच नाव ठेवण्याची पद्धत आली आहे. त्यामुळे "शौर्य पलंगाखाली लपलाय, बाहेरच येत नाही" अशी वाक्ये डॉक्टरांच्या दवाखान्यात नेहमी ऐकू येतात.

मुंज हा या अभ्यासक्रमातला सर्वांत जुना पाठ. तो साऱ्या महाराष्ट्राचा कधीच नव्हता. गृह्यसूत्रांनी ब्राह्मणाला आठवे, क्षत्रियाला अकरावे आणि वैश्याला बारावे वर्ष सांगितले आणि बाकीच्यांना वर्गाबाहेर ठेवले. ज्यांना प्रवेश होता त्यांना सूचना मात्र मोजक्या होत्या. आश्वलायनाच्या गृह्यसूत्राप्रमाणे गुरूने बटूला बजावायचे ते इतकेच: आचमन कर, काम कर, दिवसा झोपू नकोस, आचार्यांच्या आज्ञेत राहून वेद शीक. बटूने समिधा गोळा करून आणायच्या, दारोदार भिक्षा मागायची, मिळेल ते आधी गुरूपुढे ठेवायचे आणि मग खायचे. सधन घरातल्या मुलालाही अन्न मागावे लागावे आणि एखाद्या दारातून नकार ऐकून पुढे जाता यावे, हा त्यातला हेतू असेल तर तो आजच्या कुठल्याही बालमानसतज्ज्ञाला पटण्यासारखा आहे.

सध्या हा पाठ मंगल कार्यालयात एका दिवसात पूर्ण होतो. मातृभोजनाला आई मुलाला आपल्या ताटातला घास शेवटचा भरवते. हा शेवट संध्याकाळपर्यंत टिकतो. भिक्षावळीत बटूच्या मागे एक मामा मोठी पिशवी घेऊन उभा असतो आणि दुसरा मामा पाकिटांवरची नावे वहीत टिपून घेतो. भिक्षेच्या इतिहासात एवढा चोख हिशेब दुसरीकडे कुठे ठेवला गेला नसावा. दिवसा न झोपण्याची आज्ञा दुपारी तीनच्या सुमारास मोडते. दोन खुर्च्या जोडून पितांबरासकट आडवा झालेला बटू आणि त्याच्या शेजारी डोळे मिटून विचारमग्न बसलेले गुरुजी, हे दृश्य बहुतेक मुंजींत दिसते. गुरुगृहीचा वास संपल्यावर करायची सोडमुंज तर हल्ली लग्नाच्या तोंडावर उरकतात. त्यामुळे शास्त्राच्या दप्तरी आठव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत तो मुलगा गुरूच्या घरी समिधा वेचत असतो. या मुदतीत त्याने इंजिनिअरिंग, दोन नोकऱ्या आणि एक प्रेमभंग एवढे उरकलेले असते.

मुंज असो वा नसो, सर्व जातींच्या आणि सर्व उत्पन्नगटांच्या घरांत सारखीच चालते ती प्रश्नपद्धती. "मुलीसारखा रडतोस काय?" आणि "हातात बांगड्या भरल्यात का?" हे तिचे दोन मुख्य प्रश्न. दोन्हींना उत्तर अपेक्षित नसते. उत्तर दिल्यास तो उद्धटपणा ठरतो. पहिल्या प्रश्नाने मुलगा रडायचा थांबत नाही, फक्त रडण्याची जागा बदलून मोरीत जातो. दुसरा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, कारण तो पुष्कळदा डझनभर बांगड्या ल्यालेली बाईच विचारते. तिने त्याच हातांनी नुकताच भरलेला सिलिंडर दारातून ओट्याखाली नेलेला असतो, कळशी माठात रिकामी केलेली असते आणि धाकट्याला कडेवर घेतलेले असते. बांगड्यांचा आणि दुबळेपणाचा संबंध काय, असा पेच हुशार मुलाला पडायला हरकत नव्हती. तो पडत नाही, कारण त्याने सिलिंडर पाहिलेला असतो, तो आत कसा आला हे पाहिलेले नसते.

बळाच्या शिक्षणाचे दैवत मारुती. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात चाफळ, मसूर, उंब्रज, शहापूर, शिराळा, मनपाडळे अशा ठिकाणी अकरा मारुती स्थापले आणि बलोपासनेची दिशा ठरवून दिली. मुलगे संध्याकाळी हातपाय धुऊन भीमरूपी म्हणतात, ती बहुधा अंधारातून पाणी आणायला जाण्यापूर्वी. मारुतीच्या चरित्रातला एक बारकावा मात्र शिकवणाऱ्यांच्या नजरेतून सुटतो. आपल्या अंगी समुद्र ओलांडण्याचे बळ आहे याचा त्याला विसर पडला होता आणि त्याची आठवण जांबवंताला करून द्यावी लागली. घराघरांतला हा जांबवंत सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत डबा, बूट, वही, छत्री आणि परीक्षेची तारीख यांची आठवण करून देत असतो. तिचे नाव स्तोत्रात येत नाही.

बळाची खरी शाळा म्हणजे तालीम, आणि तालमींची राजधानी कोल्हापूर. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली युरोपला गेले, रोममधले प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिले आणि परतल्यावर खासबागेचे मैदान बांधवून घेतले. ते १९१२ मध्ये पुरे झाले. कुस्त्यांच्या दिवशी तिथे जे दिसते ती तालमीची फक्त परीक्षा. रोजचा अभ्यास पहाटे चारच्या सुमारास सुरू होतो आणि त्यात पकडीइतकाच वाटा झाडलोटीला असतो. हौद्यातली तांबडी माती ताक, हळद, तेल, लिंबू घालून तयार करायची, ती रोज खणून भुसभुशीत ठेवायची, मोठ्या पैलवानांचे अंग रगडायचे, स्वतःचा लंगोट स्वतः धुवायचा, बदाम स्वतः घोटायचे. मुक्कामाला असलेले पुष्कळ मल्ल आपला स्वयंपाकही आपणच करतात. गावी ज्याने पाण्याचा तांब्या कधी भरून घेतला नाही असा नव्वद किलोचा गडी सहा महिन्यांत पोळ्या लाटू लागतो आणि त्याच्या मर्दपणाला त्यामुळे काही झाले असे कुणी म्हणत नाही. तसे म्हणायला जवळ जावे लागेल, हेही एक कारण असेल.

वस्तादाचे शास्त्र साधे आहे. लंगोटाचा पक्का राहा, वेळेवर झोप, अंगातली रग बाहेर दाखवू नकोस, हरलास तर समोरच्याला मिठी मार. सज्जन पुरुषाची याहून आटोपशीर व्याख्या नीतिशास्त्राच्या जाड ग्रंथांनाही जमलेली नाही. अडचण एकच की हे शिक्षण तालमीच्या उंबऱ्याबाहेर फारसे येत नाही. जत्रेला गावी आलेला पैलवान सोप्यात पाटावर बसतो, आई म्हणते "दमला असंल माझा वाघ", आणि सहा महिने लाटलेल्या पोळ्यांचा विषय तिथेच मिटतो.

व्यायामाच्या इतर परंपरांचा इथे फक्त उल्लेख पुरे. पेशवाईच्या उत्तरकाळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला ऊर्जितावस्था आणली. १९१४ साली अमरावतीत निघालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळ दाखवून आले. या मंडळींनी हजारो मुलांना खांबावर उलटे लटकायला शिकवले. जमिनीवर सरळ उभे राहून काय करायचे हे शिकवण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकणे अन्यायाचे होईल.

स्काउट हा पाहुणा. बेडन-पॉवेलने १९०७ साली ब्राउन्सी बेटावर मुलांची छावणी भरवली, १९०८ मध्ये त्याचे पुस्तक निघाले आणि बघता बघता खाकी अर्धी चड्डी जगभर पसरली. स्वतंत्र भारतात ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्काउटांच्या संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स झाली. मराठी शाळांत ही मुले बालवीर म्हणून ओळखली गेली. बालवीराने रोज एक सत्कृत्य करायचे असा नियम आहे. त्यासाठी हमखास सुचणारे सत्कृत्य म्हणजे म्हाताऱ्या बाईंना रस्ता ओलांडून देणे. पण मराठी शहरांतल्या म्हाताऱ्या बाई रस्ता स्वतःच हात दाखवून थांबवतात आणि मध्ये आलेल्या बालवीराला "शाळा नाही का रे तुला?" असे विचारतात. घरातल्या आजीला औषध नेऊन देणे सत्कृत्यांत धरले जात नाही, कारण घरात स्कार्फ घातलेला नसतो.

याच चळवळीतून आलेला उपक्रम म्हणजे खरी कमाई. मुलाने स्वतःच्या श्रमाने चार पैसे मिळवावेत आणि कष्टाचे मोल जाणावे, ही त्यामागची कल्पना. ती आता शाळेच्या मैदानावरच्या खाऊच्या दुकानांत स्थिरावली आहे. आदल्या रात्री आई बटाटे उकडते, चिंचेची चटणी वाटते, शेव पसरून ठेवते, कांदा पहाटे चिरते. मुलगा सकाळी पाटी रंगवतो आणि दुपारी गल्ला मोजतो. कष्ट आणि कमाई यांचा मेळ पुढे मोठ्या उद्योगांतही असाच बसवलेला आढळतो, तेव्हा शिक्षण वाया गेले असे म्हणता येणार नाही.

सैनिकी शाळांचा उपयोग दोन प्रकारचा. एक त्यांत शिकणाऱ्यांना, दुसरा न शिकणाऱ्यांना. नाशिकला १९३७ साली भोसला मिलिटरी स्कूल निघाले, आणि देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात २३ जून १९६१ रोजी सुरू झाली. तिथून पुष्कळ मुले सैन्यात अधिकारी झाली. पण त्याहून किती तरी अधिक मुले "मिलिटरी शाळेत घालीन" या एका वाक्यावर दहावीपर्यंत आली आहेत. त्या शाळेला प्रवेश परीक्षा असते, ती अवघड असते आणि धमकी ज्याला दिली आहे तो तिच्यात उत्तीर्ण होण्याची शक्यता नाही, हे धमकी देणाऱ्याला माहीत नसते. मुलाला असते. म्हणून तो निर्धास्त असतो.

साध्या शाळेत हे काम मूल्यशिक्षणाच्या तासाला होते. वक्तशीरपणा, नीटनेटकेपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता आणि स्त्री-पुरुष समानता अशी दहा मूल्ये महाराष्ट्राने ठरवून दिली. ती जिन्याच्या पायऱ्यांवर रंगवलेली असल्याने मुलांच्या रोज पायांखालून जातात. प्रत्यक्ष तास गणिताचे सर मागून घेतात, कारण त्यांचा भाग राहिलेला असतो. वक्तशीरपणाचा धडा त्यामुळे निदान उलट बाजूने तरी मिळतो. वार्षिक समारंभाच्या दिवशी मुली रांगोळी काढतात आणि पाहुण्यांना ओवाळतात, मुलगे बाके उचलतात. मग पाहुणे दहाव्या मूल्यावर बोलतात आणि सर्वजण टाळ्या वाजवतात.

उन्हाळ्याच्या सुट्टीत उरलेले काम शिबिराकडे जाते. तिथे मुलगा पहाटे उठतो, पांघरुणाची घडी करतो, रांगेत बसून आपले ताट घासतो आणि समारोपाला आलेल्या पालकांपुढे हे सारे करून दाखवतो. पालक मोबाइलमध्ये चित्रीकरण करतात. ते चित्रीकरण घरी पुढे कितीदा तरी पाहिले जाते. ताट मात्र त्या चित्रीकरणातच घासलेले राहते.

मराठीत मुलगा घडवण्याचा सर्वमान्य ग्रंथ एकच, 'श्यामची आई'. सानेगुरुजींनी तो १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिला आणि १९३५ मध्ये तो छापला गेला. मुंजीत देण्याचे पुस्तक म्हणून त्याची जेवढी खरेदी झाली तेवढी क्वचितच दुसऱ्या पुस्तकाची झाली असेल. एकेका बटूला तीन-तीन प्रती मिळत. इतक्या मुलांच्या हाती गेलेल्या या पुस्तकात पुरुष होण्याचे जे शिक्षण आहे ते तपासून पाहिले तर बांगड्यांचा प्रश्न विचारणाऱ्यांनी त्याच्यावर बंदी कशी घातली नाही, याचे आश्चर्य वाटते.

श्याम रात्रीगणिक एक गोष्ट सांगतो, त्यांतली पहिल्याच रात्रीची घ्यावी. आई तापाने अशक्त झालेली, वडाला प्रदक्षिणा घालण्याचे तिचे व्रत राहणार. ती श्यामला आपल्याऐवजी प्रदक्षिणा घालायला सांगते. बायकांच्या व्रतात मुलगा, म्हणजे मित्र हसणार. श्याम लाजतो, कां-कूं करतो. देवाचे काम करायला लाज कसली, असे म्हणून आई त्याला पाठवतेच. म्हणजे मराठी मुलग्याच्या चारित्र्याचा पहिला पाठ बायकांच्या रांगेत उभे राहण्याचा आहे. पुढे श्याम पत्रावळ नीट लावता येत नाही म्हणून बोलणी खातो, पाय मळू नयेत म्हणून आईचा पदर अंथरून घेतो आणि मनही तसेच जपण्याविषयी ऐकून घेतो. पोहायला भिऊन माळ्यावर लपतो तेव्हा हीच प्रेमळ आई त्याला मारून विहिरीवर पाठवते. आणि या सगळ्यांत तो रडतो. ढसाढसा, वारंवार, कुणी पाहते आहे याची पर्वा न करता. आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला तेव्हा प्रेक्षकही तसेच रडले, आणि उत्तम चित्रपटासाठी दिले गेलेले पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक या मराठी रडण्याला मिळाले.

सानेगुरुजींना रडके म्हणून हिणवणारे त्यांच्या हयातीतही होते. या रडक्या गृहस्थाने ब्रिटिशांच्या तुरुंगवाऱ्या केल्या आणि पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ रोजी उपोषण मांडले, ते १० मेपर्यंत चालवले आणि मंदिर उघडायला लावले. न रडणाऱ्यांपैकी किती जण त्या काळात पंढरपूरला उपाशी बसले होते, याची यादी करायला फार कागद लागणार नाही.

त्यांच्या अध्यापनाची पद्धत पुस्तकाहून मोलाची होती. १९२४ नंतर अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना त्यांच्याकडे वसतिगृह आले. मुलांनी खोल्या पसरून ठेवलेल्या असत. गुरुजी रागावत नसत. स्वतः खोल्या झाडत, विस्कटलेली अंथरुणे-कपडे आवरून ठेवत. मुले ओशाळली आणि हळूहळू स्वतःचे स्वतः करू लागली. ही हकिकत चारित्र्य घडवण्याचा आदर्श म्हणून अनेक भाषणांत सांगितली जाते. भाषण ऐकून घरी परतलेल्या वक्त्याचा ओला टॉवेल पलंगावरून उचलून दोरीवर टाकणारी बाई नेमकी हीच पद्धत लग्न झाल्यापासून वापरते आहे. ती रागावत नाही, बोलत नाही, उचलून ठेवते. तरी कुणी ओशाळत नाही. एकच पद्धत अमळनेरला चालली आणि घरात चालत नाही, याचे कारण शोधायला लांब जायला नको. मास्तरांनी केरसुणी हातात घेतली तेव्हा मुलांना काही तरी घडताना दिसले. आईच्या हातात ती असते तेव्हा काही घडते आहे असेच कुणाला वाटत नाही. वस्तादाने लंगोट धुवायला लावला तर ती शिस्त, शिबिरात ताट घासले तर तो संस्कार, आणि आईने दोन्ही केले तर ती दुपार.

या शिक्षणाचा निकाल पहिल्यांदा एका बाईने लावला. सुरतेतल्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला भ्रूणहत्येबद्दल शिक्षा झाली, वर्तमानपत्रांतून स्त्रीजातीवर ताशेरे झडू लागले, आणि बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' हे पुस्तक लिहून पुण्यात छापले. किंमत नऊ आणे. बायकांच्या माथी मारलेला एकेक दुर्गुण घ्यायचा आणि तो पुरुषांत किती आहे ते तोलून दाखवायचे, अशी त्यांची रीत. भाषा झणझणीत, एकाही विषयात कृपागुण नाहीत. हे निकालपत्र पालकांनी सहीही न करता दडवले. स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले १९७५ साली, म्हणजे ९३ वर्षांनी. फेरतपासणीचा अर्ज करायची मुदत तोवर उलटून गेली होती.

वडील हे या अभ्यासक्रमाचे प्रात्यक्षिक-साहित्य. त्यांचे तोंडी अध्यापन तीन वाक्यांचे: "मी तुझ्या वयाचा असताना", "आईला विचार" आणि "किती पडले?" पण शिकवण खरी होते ती पाहून. वडील जेवणानंतर ताट जिथल्या तिथे ठेवून उठतात, डोक्यावरचा चष्मा साऱ्या घराकडून शोधून घेतात आणि लग्नाच्या पंगतीत मात्र "बसा, मी वाढतो" म्हणत जिलबीचे ताट घेऊन फिरतात. मुलगा हे बारकाईने टिपतो. चारचौघांत वाढणे पुरुषाला शोभते आणि घरात वाढून घेणे शोभते, एवढे त्याला दहाव्या वर्षी पक्के कळते. त्याला खासगी शिकवणीची गरज लागत नाही.

आई चार दिवस माहेरी गेली की प्रात्यक्षिक परीक्षा होते. निघण्यापूर्वी ती कणीक मळून, भाज्या चिरून, डब्यांवर वारांची नावे लिहून, दूधवाला, तुळस आणि पाण्याच्या वेळेची यादी फ्रिजवर चिकटवून जाते. पहिल्या रात्री बाप-लेक मंगळवारचा डबा सोमवारी खातात. दुसऱ्या दिवशी फोन जातो, "जिरं कुठंय?" उत्तर येते, "वरच्या फळीवर डावीकडून तिसरा, बोर्नव्हिटाचा डबा." बोर्नव्हिटाच्या डब्यात जिरे का, असा वाद दहा मिनिटे चालतो आणि मग मिसळ मागवली जाते. आई परत आल्यावर दोघेही तिला सांगतात की काही अडले नाही.

सरकारी मोजणीचे आकडेही हेच सांगतात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार देशात सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी ८१ टक्के बिनपगारी घरकाम करतात आणि त्या दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवतात. पुरुषांपैकी घरकाम करणारे २६ टक्के. ते ९७ मिनिटे देतात. उरलेल्या ७४ टक्क्यांची मिनिटे मोजावी लागली नाहीत, एवढा पाहणी करणाऱ्यांचा वेळ पुरुषांनी वाचवला.

दुरुस्तीचे प्रयत्न अधूनमधून होतात. १९९३ साली मुंबईत काही पुरुषांनीच स्त्रियांवरील हिंसेविरुद्ध 'मावा' ही संघटना काढली. २००८ मध्ये मुंबई महापालिकेच्या ४५ शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींसाठी समानतेचा अभ्यासक्रम घेतला गेला. त्यात टाटा समाजविज्ञान संस्थेचाही सहभाग होता. नंतर 'परिवर्तन' नावाच्या उपक्रमात हे काम चक्क क्रिकेटच्या प्रशिक्षकांकडे दिले गेले. कल्पना मोठी धूर्त. जो मुलगा आईवडिलांचे पंधरा वर्षे ऐकत नाही तो प्रशिक्षकाचे पंधरा सेकंदांत ऐकतो, कारण संघ निवडणे त्याच्या हातात असते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघे मिळून भाजी निवडताना दाखवले तेव्हा त्या एका चित्राच्या बातम्या झाल्या. भाजी निवडण्याला वर्तमानपत्रांत मिळालेली ही पहिलीच जागा असावी.

सर्वांत परिणामकारक शिक्षण मात्र कुठल्याही शिक्षणतज्ज्ञाने आखलेले नाही. ते परदेशी विद्यापीठे देतात, आणि त्याची फी त्यांनी अजून वेगळी लावलेली नाही. मुलगा ऑगस्टमध्ये एम.एस.ला जायचा असतो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात त्याला वरणभात, खिचडी आणि बटाट्याची भाजी एवढे शिकवले जाते. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० मध्ये निघाली तेव्हा ती नव्या सुनांच्या रुखवतात जाई. आता ती मेतकूट, गोडा मसाला आणि तीन लिटरचा कुकर यांच्याबरोबर मुलग्यांच्या २३ किलोच्या बॅगेत जाते. तिकडे चार मुलगे एका घरात राहतात. पहिल्या आठवड्यात मोरीपाशी भांड्यांचा ढीग साठतो आणि तो दुसऱ्या दिवशीही तिथेच असतो. भांडी आपोआप घासली जात नाहीत, हे ज्ञान त्यांना इंजिनिअरिंगच्या पदवीनंतर होते. मग वारांचे तक्ते लागतात, न्हाणीघर कुणी घासायचे यावर मतदान होते, केर न काढणाऱ्याला दंड बसतो. चौघेही पुरुषच असल्याने कुणी कुणाला बांगड्यांविषयी विचारत नाही.

असा मुलगा दोन वर्षांनी सुट्टीवर येतो आणि पहिल्या दिवशी जेवून झाल्यावर आपले ताट उचलतो. आजी ते ओढून घेते आणि तिकडे पोराचे फार हाल झालेले दिसतात असे सुनेला सांगते. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उचलतो. तिसऱ्या दिवशी खिचडी करतो म्हणून ओट्याचा ताबा घेतो, आणि घरातल्या बायका हॉलमध्ये बसून आतल्या आवाजांवरून काय फुटले याचा अंदाज बांधतात. कुठल्या कुठल्या घरांत अशा वेळी वडीलही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात, थोडा वेळ पाहतात आणि आपण काही करू का असे मुलाला विचारतात. त्यांच्याकडे तूर्त शिट्ट्या मोजण्याचे काम सोपवले जाते.